सवतीचं रान

मालकांनी टोपली ओट्यावर ठेवली तेव्हा बारकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते.

"बारके, जरा नजर टाक हिच्यावर," ते म्हणाले. "तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतंय?"

बेकरीत तिला सगळे बारकीच म्हणत. आता ती पन्नाशीला टेकलेली, अंगानं चांगली भरलेली बाई होती. पण लहानपणी थोरल्या बहिणीनं पाडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. एखादं नवं गिऱ्हाईक "यातली बारकी कोण?" म्हणून विचारायचं आणि तिच्याकडे बघून हसू दाबायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला अभिमान होता तो रानातल्या अळंब्यांचा. पावसाची झड ओसरली की शहरामागच्या टेकडीवर हौशी लोकांची रीघ लागायची, आणि परतताना त्यातले कितीतरी जण बेकरीच्या मागच्या दाराशी थांबून बारकीला टोपली दाखवून मगच घरी जायचे.

तिनं हात पुसले आणि टोपलीवरचं फडकं काढलं. वर पिवळ्या, कर्ण्यासारख्या उमललेल्या होत्या; त्या ठीक. त्याखाली तांबूस, त्याही ठीक. त्या बाजूला सारल्या आणि तिचा हात जागच्या जागी थबकला. तळाशी पांढऱ्या अळंब्यांचा थर होता. टोपी मऊ, पातळ चामड्याच्या हातमोज्यासारखी. कडा आत वळलेल्या. टोपीखालची झालर देठावर उतरत गेलेली.

"मालक, या कुठल्या?"

"टेकडीच्या मागच्या अंगाच्या. तिकडे कुणी फिरकत नाही बघ, ढीग पडला होता नुसता."

"खाल्ल्या का कुणी यातल्या?"

"सासूबाईंनी. काल संध्याकाळी अंड्यात घालून दिल्या. म्हटलं, आधी त्यांना मानवतात का बघू—"

मालकांचं वाक्य अर्धवटच राहिलं, कारण बारकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मालक, ही सवत आहे," ती म्हणाली. "गाडी काढा."

सवत हे नाव ताईचं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बारकीला धड बोलताही येत नव्हतं, वडील दिवसभर लाकडाच्या वखारीत असत, आणि बारकीची वेणी घालण्यापासून तिला ताप आला की उशाशी बसण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. रानातही ताईच घेऊन जायची. कुठली अळंबी मुळापासून उपटायची, कुठली चाकूनं कापायची, कुठली पायानंही उडवायची नाही, हे सारं बारकी ताईचं बोट धरून शिकली. पुस्तकबिस्तक काही नव्हतं. ताई म्हणाली चांगली, की चांगली. ताई म्हणाली टाक, की बारकी टाकायची आणि हात कपड्याला पुसायची.

सगळ्यात जास्त धाक होता तो या पांढरीचा. "दिसायला अगदी घरचीच वाटते," ताई सांगायची, "पण आहे सवत. हात लावायचा नाही." पुढे पुढे हा नियम आणखी कडक होत गेला. ती जिथे उगवते तिथे जायचंही नाही, तिच्या आसपासच्या मातीत विष उतरतं, शेजारची दुसरी अळंबीसुद्धा खाण्याजोगी राहत नाही. टेकडीच्या मागच्या उतारावर जुनी, जाडजूड बुंध्यांची झाडं होती. तिथवर आलं की ताई थांबायची. "चल, फिर मागे. पुढे सवतीचं रान." बारकीनं त्या झाडांच्या पलीकडे आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सासूबाईंना घरून उचलून गाडीत घालेपर्यंत मालकीणबाईंनी नवऱ्याला दहा वेळा विचारलं, "आधी माझ्याच आईला का दिल्यात?" आणि मालक दर वेळी गाडीची किल्ली शोधत राहिले. सासूबाई मात्र ठणठणीत होत्या, फक्त आंघोळीआधी बाहेर काढलं म्हणून चिडल्या होत्या. दवाखान्याच्या वाटेवरच बाजाराची मोठी शेड लागते. तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे त्या दिवशीही, रानातल्या अळंब्या तपासून देणाऱ्या एक बाई बसतात, त्यांना दाखवून नक्की काय विष आहे ते कळलं तर डॉक्टरांना बरं पडेल, असं बारकीनंच सुचवलं.

तपासणीच्या बाई उतारवयाच्या होत्या. आयुष्यभर औषधांच्या दुकानात काम केलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांच्या टेबलावर मेणकापड, एक भिंग, एक छोटा चाकू आणि काळ्या-पांढऱ्या कागदांचे चौकोन, एवढाच पसारा. रांग मोडून मालक पुढे घुसले आणि त्यांनी टोपली मेणकापडावर ओतली.

बाईंनी एक पांढरी उचलली. उलटी केली. टोपीचा तुकडा मोडला. तो खडूसारखा कट्‌कन तुटला. झालर भिंगाखाली धरली, नाकाशी नेली. मग दुसरी उचलली, तिसरी. एकेक करून सगळ्या बघितल्या. शेवटी सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "कशा लागल्या?"

"मीठ कमी होतं," सासूबाई म्हणाल्या.

"चांगल्या आहेत. खायच्याच आहेत या."

"नाही हो!" बारकी पुढे झाली. "नीट बघा. ही विषारी आहे. मला लहानपणापासून ठाऊक आहे."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण रागावल्या नाहीत. "हिच्यासारखी दिसणारी एक विषारी असते, ते खरं आहे. अगदी जुळी बहीण म्हणावी अशी. ती बहुतेक गवतात, मोकळ्यावर येते, तिची झालर पांढरटच राहते. हिची बघा, जून झाली की गुलाबी पडते. रात्रभर काळ्या कागदावर टोपी ठेवली तर खाली गुलाबीसर भुकटी पडते. आणि वास घ्या."

त्यांनी मोडलेला तुकडा पुढे केला. बारकी एक पाऊल मागे सरली.

"घ्या हो. वासानं कुणी मरत नाही."

बारकीनं नाक पुढे केलं. ओल्या पिठाचा वास होता. नुकतंच पाणी घातलेल्या, अजून मळायला न घेतलेल्या पिठाचा. इतकी वर्षं रोज पहाटे ज्या वासानं तिचा दिवस सुरू होत होता, तोच.

"अर्थात नुसत्या वासावर कुणी विसंबू नये," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी इथे बसते. काही विषं दोन-दोन दिवसांनी उठतात. तुम्ही आणलंत ते बरंच केलंत. पण तुम्हाला हिच्याबद्दल असं कुणी सांगितलं?"

"माझ्या ताईनं. ती पण रानात जाते. हॉटेलांना गबदुल पुरवते." गबदुल म्हणजे जाड देठाच्या, तपकिरी, गुबगुबीत अळंब्या, इथे सगळे त्यांना तेच म्हणतात. त्या क्वचित सापडतात आणि सापडल्या की भाव खाऊन जातात.

"हिरव्या कोटातल्या? पाठीवर टोपली बांधतात त्या?" बाईंचा चेहरा उजळला. "मग तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. त्याच तर ही पांढरी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. पुष्कळ वर्षं झाली. तीन-चार वेळा आणून खात्री करून घेतली त्यांनी. मीच त्यांना सांगितलं होतं, ही जिथे दिसेल तिथे आसपास बघा, गबदुल हमखास असतात. दोघींना एकच जागा मानवते. जाणकार माणूस ही दिसली की गालात हसतो आणि कुणाला सांगत नाही."

त्यानंतर मालक काय बोलले, सासूबाई "मग घरी चला, उरलेल्या कोण संपवणार?" म्हणाल्या त्यावर रांगेतले लोक कसे हसले, हे बारकीच्या कानांवरून नुसतं वाहून गेलं. मालकांनी तिला दोन दिवसांची सुट्टी दिली. घाबरवल्याबद्दल ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत, उलट पाठीवर थाप मारली. त्यानं तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती चालत घरी निघाली. पुलाच्या कठड्यापाशी येईपर्यंत ती ताईची बाजूच घेत होती. विसरली असेल. सांगायचं राहून गेलं असेल. बाईंचाच माणूस ओळखण्यात घोटाळा होत असेल. कठड्यापाशी आल्यावर तिला तिच्या नवऱ्याचा तवा आठवला आणि ती तिथेच थांबली.

तिचा नवरा टपाल खात्यात होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. टेकडीपलीकडच्या वस्तीत पत्रं टाकून येताना तो टोपीत भरून या पांढऱ्या अळंब्या घेऊन आला होता. वस्तीतल्या कुणा म्हाताऱ्यानं त्याला दाखवल्या होत्या. बायकोला चकित करायचं म्हणून स्वतः साफ करून, लोण्यात परतून त्यानं तवा मेजावर आणून ठेवला. बारकी किंचाळलीच. तिनं तवा उचलून सगळं कचऱ्यात ओतलं. "वास तरी घे गं एकदा," तो म्हणत होता, आणि ती म्हणाली होती, "मला मारायला निघालायस का?" नव्या नवरीनं, नवऱ्याला. त्यानं रिकामा तवा घासून जागेवर ठेवला. पण त्यानंतर तो तिच्याबरोबर कधी रानात आला नाही. ती टेकडीवर गेली की तो पायथ्याच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसून राहायचा. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं, तोवर तो त्या बाकावरच बसत राहिला.

आणि त्या दिवशी मेजापाशी तिसरं माणूस होतं. ताई जेवायला आली होती. तव्यातल्या पांढऱ्या तुकड्यांकडे तिनं बघितलं होतं. बारकी रडायला लागली तेव्हा तिनंच तिला जवळ घेतलं होतं आणि म्हणाली होती, "जाऊ दे गं. त्याला काय कळतंय यातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी टेकडीवर गेली. मागच्या उतारावरच्या त्या जुन्या झाडांपाशी तिचे पाय आपोआप थांबले. शरीराला सवयच ती. मग ती पलीकडे गेली.

झाडांखाली जमीन मऊ होती, पालापाचोळ्याची आणि शेवाळाची. पहिल्यांदा पांढऱ्या दिसल्या, इथे चार, तिथे सहा, वेड्यावाकड्या वर्तुळात. मग डोळे सरावले आणि त्यांच्यामध्ये तपकिरी गोल डोकी दिसायला लागली. एक. तीन. बुंध्याला टेकून आणखी. बारकीनं उभ्या आयुष्यात इतक्या गबदुल एका जागी पाहिल्या नव्हत्या. तिला आजवर मिळाल्या त्या कुठेतरी एकटदुकट, किड्यांनी खाल्लेल्या. "तुझा डोळा बसायला हवा," ताई म्हणायची. "मला त्या बोलावतात." आणि वर दरवर्षी चार उत्तम निवडून बारकीला आणून द्यायची, बारकी त्या कौतुकानं मिरवायची.

ती खाली बसली आणि पाला बाजूला केला. खाली कापलेले देठ होते. काही ताजे, काही काळे पडून मऊ झालेले. प्रत्येक देठ चाकूनं स्वच्छ कापलेला आणि वरून पाला पसरून झाकलेला, कुणाला सुगावा लागू नये म्हणून.

पाठीमागे काटकी मोडली. ताई उभी होती. हिरवा कोट, पाठीवर टोपली, हातात चाकू.

तिची नजर उघड्या पडलेल्या देठांवर गेली. मग ताईनं विचारलं, "कुणी सांगितलं?"

'काय झालं' नाही, 'तू इथे कशी' नाही. 'कुणी सांगितलं.' बारकीच्या मनात कुठे तरी अजून एक धागा शिल्लक होता, तो तिथे तुटला.

"तपासणीच्या बाईंनी. तू त्यांच्याकडे खात्री करायला जायचीस म्हणे."

ताईनं टोपली उतरवली आणि एका आडव्या ओंडक्यावर बसली. तिचे गुडघे हल्ली दुखत असत; बसताना तिनं नेहमीसारखा हात पुढे केला, बारकीनं धरावा म्हणून. बारकीनं धरला नाही.

"बाबांना हिची खरंच भीती वाटायची," ताई म्हणाली. "मी त्यांचं ऐकून तुला शिकवलं. ते खोटं नव्हतं, बारके."

"आणि मग खरं कधी कळलं?"

"तुझं लग्न ठरलं त्या सुमारास."

"म्हणजे मातीत विष उतरतं ते तू नंतर जोडलंस."

ताईनं पायानं पाला परत देठांवर सारला.

"त्या दिवशी तू माझ्या घरात बसली होतीस. तवा समोर होता. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तो वास घे, वास घे म्हणत होता. आणि तू म्हणालीस, त्याला काय कळतंय."

"तू आधीच ओतून टाकलं होतंस गं. मग बोलून काय उपयोग होता?"

"बोलली असतीस तर तो माझ्याबरोबर रानात आला असता," बारकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या बाकावर बसून म्हातारा झाला तो. तू वरून खाली उतरायचीस, त्याच्याशी हसून बोलायचीस, आणि तुझ्या टोपलीत तळाशी ह्याच असायच्या."

ताईनं हातातला चाकू मिटला, पुन्हा उघडला.

"तुला सगळं मिळालं," ती शेवटी म्हणाली. "नवरा, नोकरी, लेक. मी तुझ्या वेण्या घालत बसले तेवढ्यात माझं वय निघून गेलं. त्याबद्दल मी कधी तोंडातून शब्द काढला का? पण हे एवढं रान माझं होतं. इथे आलं की 'ताई, ताई' करत मागे कुणी नसायचं."

"मग तसं म्हणायचं होतंस. 'हे माझं आहे, तू इथे येऊ नकोस.' मी आले असते का?"

"नसतीस आली."

"मग?"

"मागावं लागलं असतं," ताई म्हणाली. "तुझ्याकडे."

 खरं सांगायचं तर त्या क्षणी बारकीला ताईची दयाच आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला. ती जायला वळली. मग थांबली.

"आणि बाकीच्या?" तिनं विचारलं. "पिवळ्या, तांबूस, दगडाखालच्या. ज्या तू चांगल्या म्हणून शिकवल्यास. मी माझ्या लेकीला पहिला घास भरवला तो तुझ्या शब्दावर."

ताई ताडकन उठली, गुडघ्यांचं दुखणं विसरून. "बारके! तुझ्या जिवाशी मी खेळेन का?"

"मला कसं कळावं?"

"मी सांगते ना!"

बारकी तिच्याकडे नुसती बघत राहिली. आपण काय बोललो ते ताईच्या ध्यानात आलं असावं, कारण ती पुन्हा खाली बसली आणि तिनं तोंड फिरवलं. बारकी झाडांतून बाहेर आली. खाली उतरताना वाटेत पिवळ्यांचा छान झुपका लागला, सोनेरी, उमललेला. जन्मभर डोळे मिटून ओळखलेली अळंबी. ती वाकली, हात पुढे केला, आणि तो तसाच मागे घेतला.

त्या मोसमात तिनं कुणाची टोपली पाहिली नाही. मागच्या दाराशी लोक आले की ती म्हणायची, "बाजारात जा, तिथे बाई बसतात." मालकांना वाटलं, त्या दिवशीच्या फजितीनं ती खट्टू झाली आहे. त्यांनी चेष्टेवारी न्यायचा प्रयत्न केला, तिनं दाद दिली नाही. तिची लेक दूरच्या शहरात होती. तिला फोनवर सांगायचं म्हणून बारकीनं दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवला. मावशी म्हणजे लेकीचा जीव की प्राण.

मोसम सरत आला तेव्हा एका संध्याकाळी कामावरून परतल्यावर तिला दाराच्या कडीला टोपली अडकवलेली दिसली. वर धुतलेलं फडकं. आत सहा गबदुल, कोवळ्या, एकसारख्या, माती झटकून देठ खरवडलेल्या. आणि त्यांच्याखाली पांढऱ्याही. ताईनं पहिल्यांदाच त्या तिला दिल्या होत्या.

बारकीनं टोपली घरात नेली. तशीच थंड खोलीत ठेवली. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली आणि रांगेत उभी राहिली. पुढच्या माणसानं वळून बघितलं. "अरे, तुम्ही? तुम्हाला कशाला तपासायला लागतात?"

"लागतात," ती म्हणाली.

बाईंनी टोपली हातात घेताच ओळखली. "या तर तुमच्या ताईंच्या. कापण्यावरूनच कळतं." तरी त्यांनी एकेक नीट बघितली, झालर बघितली, मोडून बघितलं. "सगळ्या चांगल्या. एकसुद्धा शंकेची नाही."

"पुन्हा एकदा बघाल?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.  पुन्हा पहिल्यापासून सगळ्या बघितल्या, मागची रांग कुरकुरत होती तरी. "चांगल्या आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरी जाऊन निवांत खा."

बारकी टोपली घेऊन परतली, पण घरी गेली नाही. बेकरीच्या वरच्या मजल्यावर मालकांच्या घरी जाऊन तिनं ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाई हरखल्या. "तपासल्यात ना?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच हसल्या.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "मिळाली का टोपली?"

"मिळाली."

"मग? कशा झाल्या?"

"तपासून आणल्या," बारकी म्हणाली.



"माझ्या?" ताईनं विचारलं.

"तुझ्या."

 ताई म्हणाली, "पांढऱ्यांना मीठ शेवटी घाल. नाहीतर पाणी सुटतं त्यांना," आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर बारकी तपासणीच्या बाईंकडे शिकायला जाऊ लागली. काळ्या कागदावर टोपी कशी ठेवायची इथपासून सुरुवात. "तुम्हाला हे येतंच की," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. बारकीनं मान हलवली आणि टोपलीतून एक पिवळी काढून मेणकापडावर ठेवली. "हिच्यापासून सांगा," ती म्हणाली. "मला काहीच माहीत नाही असं समजा."